गाडीवाटेचे विषयमित्र

गेल्या वैशाखात भाच्याच्या घरी मुंज निघाली आणि त्या निमित्ताने छत्रपती संभाजीनगरास आठ दिवस राहण्याचा योग आला. सरकारदप्तरी हे नाव २०२३ साली चालू झाले. आमच्या पिढीच्या जिभेवर मात्र अद्याप औरंगाबादच येते. तेव्हा लिहिण्याच्या ओघात दोन्ही नावे आली, तर वाचकांनी क्षमा करावी.

मनमाड सोडून गाडी मराठवाड्याकडे वळली, की रोटेगाव, लासूर अशी स्थानके मागे टाकता टाकता मुलूख पालटू लागतो. उन्हाळी नांगरट झालेली काळीभोर ढेकळे, बांधावर रचलेले पऱ्हाट्यांचे भारे, आणि मैलोगणती सावलीचा पत्ता नाही. पहाट फुटता फुटता डाव्या-उजव्या खिडकीचा वाद सुरू झाला आणि देवगिरीचा किल्ला दिसला. येणारे जाणारे त्या किल्ल्याकडे पाहून अल्लाउद्दीन आणि महंमद तुघलख यांच्या गोष्टी काढतात. मला मात्र तेथे हेमाद्री पंडित आणि त्याच्या आश्रयाचा बोपदेव आठवतो. पाणिनीची मांडणी नवशिक्यास झेपत नाही, हे ओळखून त्याने ‘मुग्धबोध’ नावाचे सोपे व्याकरण रचले. विद्यार्थ्याला शास्त्राच्या मापाचे करण्याऐवजी शास्त्र विद्यार्थ्याच्या मापाचे करावे, ही कल्पना या डोंगराखाली तेराव्या शतकातही कोणाच्या डोक्यात आली होती, एवढेच सांगावयाचे. असो.

औरंगपुऱ्यातील भाच्याच्या घरी तीन चुली नसल्या, तरी तीन बिऱ्हाडे एकत्र नांदतात. मुंज यथासांग झाली. भिक्षावळीच्या ताटात लाडू-पेढ्यांबरोबर परदेशस्थ काकांनी पाठविलेली एक काचेची पाटीही येऊन पडली. तिला घरात टॅब म्हणतात. सायंकाळी पाहुणे पांगल्यावर आठ वर्षांचा बटू लंगोटीसुद्धा न सोडता ती पाटी घेऊन कोपऱ्यात बसला आणि तिला म्हणाला, “उपनयन म्हणजे काय?” पाटीने चांगल्या मराठीत उत्तर दिले: उप म्हणजे जवळ, नयन म्हणजे नेणे, शिष्याला गुरूच्या जवळ नेण्याचा हा संस्कार.

उत्तर बिनचूक होते. मी त्या मुलापासून दोन हातांवर बसलो होतो. चौतीस वर्षे शाळेत संस्कृत शिकविलेला मनुष्य. सकाळपासून कोणी तरी हे विचारील म्हणून मनात उत्तर घोळवीत बसलेला. जवळ नेणे म्हणजे काय, हे त्याने दूरच्याला विचारले. मला वाईट वाटले, हे लपविण्यात अर्थ नाही.

भाचा वाळूजच्या एका कारखान्यात अभियंता आहे. माझा चेहरा पाहून तो हसला. “मामा, तो तुमच्याकडे आला असता, तर ‘आधी पानावर बस, मग सांगतो’ असे तुम्ही म्हणाला असता.” हेही खरे होते.

दुसऱ्या दिवशी उन्हे उतरल्यावर मुलांना घेऊन पाणचक्की पाहावयास गेलो. बाबा शाह मुसाफिर यांच्या दर्ग्याच्या आवारात, खाम नदीच्या काठी, महमूद दरवाज्यालगत हे स्थान आहे. समोर लांबरुंद हौद, भिंतीतून उंचावरून कोसळणारी पाण्याची धार, आणि तिच्या जोरावर फिरणारे पिठाचे जाते. दर्ग्यात येणाऱ्या फकिरांना, यात्रेकरूंना आणि तेथे राहणाऱ्या शिष्यांना भाकरी मिळावी, म्हणून अठराव्या शतकात केलेली ही सोय. येथे एके काळी हस्तलिखितांचा मोठा संग्रहही होता. म्हणजे पीठ आणि पोथी दोन्ही एकाच पाण्याच्या आसऱ्याला. हौदाचा तळ हे खालच्या प्रशस्त दालनाचे छत आहे, हे ठाऊक नसल्यास पाहणारा वरूनच परत जातो.

त्या दिवशी पाणी बेताचेच होते. बटूने हौदाला एक प्रदक्षिणा घातली आणि विचारले, “मामाआजोबा, पंप कोठे आहे?”

या वेळी प्रश्न माझ्याकडे आला होता! मी सांगितले, की पंप नाही. कित्येक कोस दूर डोंगरात उंचावर झरा आहे. तेथून मातीच्या बंद नळांतून पाणी जमिनीखालून येते. बंद नळातले पाणी जितक्या उंचीवरून निघाले, जवळजवळ तितक्या उंचीपर्यंत पुन्हा चढते. म्हणून ते या भिंतीत वर चढते आणि वरून पडते. हीच विद्या या शहराला मलिक अंबराने सतराव्या शतकाच्या आरंभी शिकविली. १६१० च्या सुमारास त्याने खडकी येथे हे नगर वसविले आणि हर्सूलकडच्या डोंगरांतून नहर आणून वस्तीवस्तीत हौद भरले. बटूने मान हलविली. पण ती मान मी वर्गात हजार वेळा पाहिली आहे. तिचा अर्थ ‘समजले’ असा नसून ‘पुरे’ असा असतो.

घरी आल्यावर त्याने पाटी उघडली. पाटीने चित्र काढून दाखविले, पाणी चढते-उतरते ते हलवून दाखविले, आणि मग म्हणाली, की हवे तर घरी बादली आणि नळी घेऊन पाहा. सकाळी गच्चीवर गलका ऐकून वर गेलो, तो बटू जिन्याच्या वरच्या पायरीवर बादली ठेवून बागेची रबरी नळी हाताळीत होता, आणि खाली सहा वर्षांची चुलत बहीण नळीचे दुसरे टोक धरून चिंब भिजली होती. ती विचारीत होती, “पण ते वर का चढते?” तो जरा थांबला आणि म्हणाला, “पाण्याला आठवते, आपण कुठून निघालो ते.”

पदार्थविज्ञानाच्या परीक्षेत या उत्तराला गुण मिळणार नाहीत. परंतु मुलीला ते कळले. तिने लगेच नळीचे टोक बादलीच्या वर धरून पाहिले आणि पाणी थांबताच टाळ्या पिटल्या. माझ्या व्याख्यानाने जे झाले नव्हते, ते पाटीच्या चित्राने निम्मे झाले. उरलेले निम्मे बहिणीच्या प्रश्नाने झाले. हे डोळ्यांनी पाहिले नसते, तर पुढे जे लिहीत आहे ते मला सुचते ना.

त्या सायंकाळी भाच्याने गाडीवाटेची हकीकत सांगितली. वर्तमानपत्रांतून ती २०२० साली गाजली होती. माझ्या वाचनात ती होती, पण लक्षात राहिली नव्हती. गाडीवाट हे शहरापासून सुमारे २५ किलोमीटरवरचे खेडे. रस्ता धड नाही, सोयी बेताच्या. जिल्हा परिषदेची शाळा. २०१९ साली त्या शाळेतील शिक्षकांनी ठरविले, की मुलांना एखादी परदेशी भाषा शिकवावी. कोणती, हे मात्र त्यांनी ठरविले नाही. चौथी ते आठवीच्या मुलांनाच विचारले. इंग्रजीखेरीज फ्रेंच-जर्मन असे काही तरी येईल, अशी आपली समजूत. मुले म्हणाली, जपानी! कारण त्यांना यंत्रमानवांची आणि नव्या तंत्राची ओढ, आणि तो विषय जपान्यांचा.

आता गंमत अशी, की शाळेत जपानी येणारा एकही मनुष्य नाही, पुस्तक नाही, अभ्यासक्रम नाही. शिक्षकांनी आंतरजालावरच्या चित्रफिती आणि भाषांतर करणारी साधने यांच्या आधाराने जमेल तसे साहित्य गोळा केले व मुलांबरोबर स्वतःही शिकू लागले. पुढे औरंगाबादच्या एका जपानीच्या जाणकारांना हे कळले आणि त्यांनी २०२० साली, करोनामुळे शाळा बंद असताना, दूरवरून विनामूल्य पाठ देण्यास आरंभ केला. सत्तरच्या आसपास मुले त्यांत होती. परंतु पाठ फोनवर, आणि फोन सर्वांकडे कोठले? तेव्हा शाळेने ‘विषयमित्र’ नावाची योजना काढली. ज्याच्या घरी फोन आहे त्याने पाठ ऐकावा, आणि नंतर ज्याच्याकडे नाही त्याला तो शिकवावा.

हे ऐकून मी गप्प झालो. या मुलखात भाषा कोणती शिकावी हे मुलाला कधी कोणी विचारले होते? निझामाच्या राज्यात वरच्या शिक्षणाची भाषा उर्दू. १९१८ साली हैदराबादेस उस्मानिया विद्यापीठ निघाले तेही उर्दू माध्यमाचे. माझ्या बहिणीचे सासरे सांगत, की गणित डोक्यात मराठीत करावयाचे आणि कागदावर उर्दूत उतरावयाचे. मराठीतून शिक्षण देणारी सरस्वती भुवनसारखी संस्था १९१५ साली उभी राहिली ती याच कोंडीतून. उर्दू गोड भाषा आहे, दोष तिचा नव्हे; मुलाच्या तोंडात कोणती भाषा घालावयाची याचा निर्णय मुलाच्या घरापासून दूर कोठे तरी होत असे, इतकेच. १९४८ च्या सप्टेंबरात ते राज्य गेले. दोनच वर्षांनी, १९५० साली, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी येथे महाविद्यालय काढले आणि त्याला नाव दिले मिलिंद. परिसराचे नाव नागसेनवन. मिलिंद राजा हा प्रश्न विचारणारा आणि भिक्षू नागसेन हा उत्तरे देणारा. विद्यालयाला विचारणाऱ्याचे नाव द्यावे, हे मला आजही विलक्षण वाटते. त्या रस्त्याने तीन वेळा गेलो, आणि तिन्ही वेळा फलक मुद्दाम वाचला.

दोन दिवसांनी भाच्याच्या मोटारीतून गाडीवाटेस गेलो. बटू आणि त्याची बहीण हट्टाने बरोबर आली. मे महिना, शाळा बंद असणार हे ठाऊकच होते, पण मास्तराला बंद शाळेचे फाटकही पाहवेसे वाटते. फाटकाशी उभा राहून आत पाहिले, इतकेच. कोणाला भेटलो नाही, कोणाची परीक्षा घेतली नाही. आज तेथे काय चालते याचा दाखला देण्याचा मला अधिकार नाही.

परतताना पाराजवळ चार मुले एका फोनवर डोकी भिडवून बसलेली दिसली. मोठ्या आशेने मोटार थांबवून मी डोकावलो. क्रिकेट चालले होते! भाचा पोट धरून हसला. तरी मी जरा उभा राहिलो. फोन ज्याचा होता तो मुलगा बाकीच्यांना चेंडू कसा वळला ते बोटांनी दाखवीत होता; दुसरा म्हणत होता, नाही, तसे नाही; आणि वाद मिटविण्यासाठी तोच क्षण पुन्हा पुन्हा मागे नेऊन चौघेही पाहत होते. चार डोकी, एक फोन, आणि वादासाठी एक विषय. याहून चांगला वर्ग मी फार पाहिला नाही, आणि माझा स्वतःचा तर नव्हेच.

ते सांगितलेच पाहिजे. आठवीच्या वर्गात मी ‘राम’ शब्द चालवीत होतो. मागच्या बाकावर एक मुलगा शेजाऱ्याच्या कानाशी लागलेला दिसला. वर्गात बोलणे हा माझ्याकडे मोठा अपराध. त्याला तास संपेपर्यंत बाहेर उभे केले. दुसऱ्या दिवशी शेजारी माझ्याकडे आला आणि चाचरत म्हणाला, “सर, तो मला रामाभ्याम् तीन ठिकाणी का येते, ते सांगत होता.” मी विचारले, “मग तुला कळले का?” त्याने तृतीया, चतुर्थी, पंचमी तिन्ही घडाघडा म्हणून दाखविल्या. मी ‘बरे’ म्हटले आणि हजेरी घेऊ लागलो. बाहेर उभ्या केलेल्या मुलाला चार शब्द बोलावयास हवे होते, बोललो नाही. त्यानंतर तो वर्गात कोणाला काही समजावून सांगताना दिसला नाही. फार गुणी मुलगा होता.

आपल्याकडे विद्येचा एक जुना हिशेब आहे: विद्यार्थ्याला पाव भाग आचार्याकडून मिळतो, पाव स्वतःच्या बुद्धीने, पाव सहाध्यायांकडून आणि उरलेला पाव कालांतराने. हा हिशेब मी फळ्यावर कित्येकदा लिहिला, त्याचा अन्वय लावून दिला, आणि त्यातला तिसरा पाव रोजच्या रोज छडीने बंद पाडला. गाडीवाटेच्या शिक्षकांनी फोनची उणीव होती म्हणून तोच पाव उघडला.

परतीच्या वाटेवर हे मी भाच्याला बोलून दाखविले, तेव्हा तो गंभीर झाला. “मामा, फोन नसण्याचे कौतुक करू नका. ज्याच्या घरी नव्हता, त्याला विचारा. सगळ्याच गावांना विषयमित्र मिळाले नाहीत. कित्येक मुलांचे त्या काळात अक्षर सुटले.” त्याचे म्हणणे मला मान्य आहे. दारिद्र्याला गुरुपद देणे हा सुखवस्तू माणसाचा चाळा आहे, आणि तो मी करू नये.

यंत्राने पुष्कळ चांगले केले आहे. सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडीचे शिक्षक रणजितसिंह डिसले यांनी पाठ्यपुस्तकात चौकटीचे संकेतचिन्ह छापण्याची कल्पना काढली. फोन धरला की धडा बोलू लागतो. २०२० साली त्यांना जागतिक शिक्षक पुरस्काराचे दहा लाख डॉलर मिळाले आणि त्यांनी त्यातले निम्मे उरलेल्या नऊ स्पर्धकांना वाटून दिले. २०२२ च्या नोव्हेंबरात चॅटजीपीटी आले आणि तेव्हापासून यंत्र नुसते दाखवीत नाही, विचारलेल्याचे उत्तर देते, तेही मराठीत. मंद म्हणून हिणविलेल्या मुलाला त्याच्यासारखा सोबती नाही. दहाव्यांदा विचारले तरी त्याचा आवाज चढत नाही. माझा तिसऱ्यांदा चढत असे. ते कधी चुकीचेही सांगते, आणि चूकही त्याच ठाम सुरात सांगते. पण तसे मास्तरही मी पाहिले आहेत.

माझी अडचण निराळी आहे. त्या यंत्राला तुम्ही काही समजावून सांगण्याची गरज पडत नाही. त्याला आधीच सर्व येते. गच्चीवर बहिणीने ‘का’ म्हटले नसते, तर बटूला पाण्याचे स्मरण सुचले नसते. चित्र पाहून तो पुढच्या खेळाकडे वळला असता. प्रत्येक मुलाच्या हाती आपापली पाटी आणि कानात आपापली बोंडे आली, म्हणजे प्रत्येकाला त्याच्या गतीने, त्याच्या आवडीने शिकता येईल, असे म्हणतात. आणि ते येईलही. पण मग शेजारच्याला सांगावयाचे कोणी? घरोघर नळ आले ही चांगलीच गोष्ट झाली, आणि अंबराच्या हौदांवरची गर्दीही तेव्हाच गेली.

भाच्याने मोटार चालवीत विचारले, “मग शाळांनी काय करावे म्हणता?” मी म्हटले, मला विचारशील तर पाट्या सर्वांना द्याव्या, पण दिवसातील एक तास चौघांत एकच उघडावी. एकाने विचारावे, उत्तर ऐकावे, पाटी उपडी घालावी आणि बाकी तिघांना आपल्या शब्दांत सांगावे. तिघांना कळले नाही, तर ते ज्याने सांगितले त्याला कळले नाही, असे धरावे. उद्या पाळी दुसऱ्याची. मास्तराने त्या तासाला फिरत राहावे आणि शक्य तो तोंड मिटून असावे, हे सर्वांत कठीण. भाचा म्हणाला, “आमच्या कारखान्यात नव्या माणसाला यंत्रावर बसवितात ते असेच.” म्हणजे मी काही नवे काढले होते असे नाही.

निघण्याच्या आदल्या रात्री पाटीवर जपानी चालले होते. गाडीवाटेहून आल्यापासून बटूने तो नादच घेतला होता. ‘मी आंबा खातो’ हे जपानीत ‘वाताशी वा मांगो ओ ताबेमासु’. क्रियापद आपल्यासारखेच शेवटी येते, हे त्याने मला सांगितले, आणि मीही नव्याने ऐकल्यासारखे केले. मग तो बहिणीला अक्षरे शिकवू लागला: आ, इ, उ, ए, ओ.

“हे तर आपलेच!” ती म्हणाली. “मधली गाळली.”

पुढे ओळी आल्या: क, स, त, न, ह, म, य, र, व. तिची बाराखडी ताजी. ती एकदम अडली. “ह मध्येच का? ह तर शेवटी असतो.” बटूने पाटीकडे पाहिले. पाटीला हे कोणी विचारले नव्हते, म्हणून तिने सांगितलेही नव्हते. मग दोघांनी माझ्याकडे पाहिले.

मी आरामखुर्चीतून उठून चटईवर बसलो. म्हटले, बौद्ध भिक्षू संस्कृत शिकले आणि त्यांच्याबरोबर आपल्या वर्णमालेचा क्रम जपानात गेला. कंठातून निघणारा क आधी, मग आपल्या च च्या जागी त्यांचा स, मग त आणि न, मग ओठांचा प, त्याचा शेजारी म, आणि मग य, र, व. “पण तिथे प नाही, ह आहे,” ती म्हणाली. पूर्वी प होता, मी म्हटले; म्हणता म्हणता लोकांचे ओठ सैल पडत गेले आणि शेकडो वर्षांनी त्याचा ह झाला. आवाज बदलला, पण ओळीतली जागा तीच राहिली.

तिला ते पटले नाही. तिने तळहात तोंडापुढे धरला, प म्हणून पाहिले. मग ओठ जरा सैल केले, मग आणखी सैल. तिसऱ्या खेपेस खरोखरच ह निघाला. ती उठून आजीला दाखवावयास स्वयंपाकघरात पळाली, आणि बटू तिच्या मागोमाग, तिला नीट सांगता येणार नाही म्हणून.